गिरिधरची मिशी आणि बल्गेरिया

बल्गेरिया हा देश नकाशात नेमका कुठे आहे, हे आमच्या कार्यालयात कोणालाच माहीत नव्हतं. तरी त्या देशाशी मैत्री वाढवायची जबाबदारी आमच्यावर होती. आम्ही म्हणजे भारत-परदेश सांस्कृतिक मैत्री मंडळ, नागपूर शाखा. सिव्हिल लाइन्समधला एक जुना सरकारी बंगला, पुढे हिरवळ, मागे चिंचेचं झाड, आणि आत क्षेत्रीय अधिकारी मधुसूदनराव घाटे, मी सुमती, कार्यक्रम सहायक, शिवाय एक टंकलेखक आणि एक शिपाई.

हे त्र्याहत्तर सालचं. मंडळाचं काम असं, की परदेशचे नर्तक-गवई आपल्याकडे आणायचे आणि आपले तिकडे धाडायचे. हे सगळं व्हायचं दिल्ली-मुंबईत. नागपूरच्या वाट्याला काय? एखादं परदेशी शिष्टमंडळ दिल्लीहून मद्रासला निघालं, की आम्ही हार घेऊन स्टेशनवर उभे. गाडी थांबली की हार गळ्यात, संत्रा बर्फीचे डबे खिडकीतून आत, आणि शिट्टी झाली की आमची मैत्री संपली. एकदा तर घाईघाईत मधुसूदनरावांनी लकडगंजच्या कुठल्याशा व्यापाऱ्यालाच हार घातला. तो गृहस्थ चहा प्यायला खाली उतरला होता. पण माणूस इतका भला, की त्यानं वाकून नमस्कार केला आणि बर्फीचा डबाही घेऊन गेला. अशा वेळी मला हसू आणि संताप एकदमच यायचे.

त्या डिसेंबरात दिल्लीहून कळलं, की बल्गेरियातल्या एका मोठ्या लोककला महोत्सवाच्या संचालिका भारतात फिरताहेत. त्यांना एकच पथक निवडून न्यायचं आहे, आणि त्या एक सकाळ नागपुरातही थांबणार आहेत. सोबत दिल्लीचे मोठे साहेब.

मधुसूदनरावांनी चष्मा पुसायला घेतला. घाबरले की ते चष्मा पुसत.

"आपण शाळेतल्या मुलींचा दिव्यांचा नाच ठेवू," ते म्हणाले. "छान, स्वच्छ असतो."

"स्वच्छ काय? भांडी घासायची आहेत का आपल्याला?" मी म्हणाले. "खडी गंमत ठेवायची."

"अहो सुमतीबाई, त्यात पुरुष लुगडं नेसतात!"

"मग काय झालं? बल्गेरियात पुरुष घागरा घालतात."

हे मी धडधडीत ठोकून दिलं होतं. पण नकाशाच माहीत नसलेला माणूस घागऱ्याचं काय बोलणार? मधुसूदनरावांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ठेवला आणि मला होकार मिळाला.

खडी गंमत म्हणजे आमच्या विदर्भातला उभ्यानं करायचा तमाशाच म्हणा ना. डफ घेतलेला शाहीर, ढोलकीवाला, झांजवाला, लोकांना हसवणारा गमत्या आणि लुगडं नेसून नाचणारा पुरुष, म्हणजे नाच्या. आधी देवाचं गाणं, मग गवळणी, मग सवाल-जवाब. पुण्या-मुंबईच्या लोकांना ती माहीत नाही, आणि जे त्यांना माहीत नाही ते दिल्लीलाही माहीत नसतं. या गोष्टीचा मला रोज सकाळी नव्यानं राग यायचा.

नरखेडकडच्या बेलखेडीत चंपतराव नावाचे शाहीर होते. संत्र्याची बाग, विहिरीवर पंप, आणि घरात खुंटीला डफ. मी एसटीनं गेले, तर ते बागेत झाडांना काठ्यांचे टेकू देत होते. वय साठीच्या पुढचं, अंग काटक, आवाज असा, की बोलले तरी शेजारच्या बागेतून कोणी "काय झालं गा?" म्हणून विचारावं. मी बल्गेरियाचं सांगितलं. त्यांनी हातातली काठी खाली ठेवली.

"बाई, तो देश समुद्राच्या पार हाय का?"

"आहे," मी म्हणाले. हेही अंदाजानंच.

"मंग मले जाच लागते," ते म्हणाले आणि मटकन बांधावर बसले.

कारण असं होतं. त्यांची धाकटी बहीण रुखमाबाई गावातच दिलेली, दोन गल्ल्या सोडून. तिच्या मुलीच्या लग्नाला मामा म्हणून चंपतरावांनी उभं राहायचं. नवरीला मांडवात मामानं आणायचं असतं, दुसऱ्या कोणी नाही. आणि हे शाहीर आदल्या दिवशी कुठल्याशा जत्रेत गंमत करायला गेले. लोकांनी "आणखी एक, आणखी एक" म्हटलं आणि हे आणखी एक, आणखी एक गात राहिले. मुहूर्त टळला. शेवटी नवरीला चुलतमामानं आणलं. चंपतराव डफ काखेत मारून धापा टाकत पोचले, तेव्हा पंगत उठत होती.

रुखमाबाई भर मांडवात म्हणाली होती, "तुह्या गंमतीले वेशीबाहेरचं कुत्रं विचारत नाही आन तिच्यापायी तू माह्या पोरीले मांडवात थांबोलं? जाय, समुद्राच्या पार जाय तुही गंमत घेऊन!"

हेही तापलेले. म्हणाले, "जाऊनच दाखोतो. तोवर तुह्या उंबरठ्यावर पाय नाही ठेवणार."

तेव्हापासून बोलणं बंद. भाऊबीज बंद. रुखमाबाईच्या घरासमोरचा रस्ता टाळून चंपतराव विहिरीकडून फेरा घालून बागेत जात. म्हातारपण आलं, गुडघे दुखायला लागले, पण फेरा सुटला नाही.

"रागात बोलून गेलो बाई," ते म्हणाले. "आता बेलखेडीतून समुद्र कुठून आणू? तुमी नेलं तं बहिणीच्या घरी जाता येईन."

दोन गल्ल्यांवरच्या घरी जायला यांना बल्गेरियाचा रस्ता हवा होता. मला आधी हसू आलं. मी तिथेच ठरवलं, की हे पथक गेलंच पाहिजे. मग मला स्टेशनवरच्या त्या हारानं दिल्लीच्या साहेबांना खुर्चीला बांधून ठेवावं लागलं तरी चालेल.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पथक नागपुरात आलं, आणि विघ्नही सोबत घेऊन आलं. त्यांचा नाच्या वामन कावीळ होऊन घरीच झोपला होता.

"मंग नाचणार कोण?" मी विचारलं. त्या लोकांत राहून मीही तसंच बोलायला लागले होते.

सगळ्यांनी गिरिधरकडे पाहिलं. गिरिधर म्हणजे चंपतरावांचा एकुलता एक मुलगा, पथकात झांज वाजवायचा. लहानपणापासून पाहून पाहून गवळणीची सगळी पावलं त्याला पाठ. अडचण एकच. त्याला मिशी होती, आणि साधीसुधी नव्हती. तेल पाजलेली, टोकं वर वळवलेली, काटोलच्या बाजारात लोक वळून पाहतील अशी. पुढच्या आठवड्यात त्याला मुलगी पाहायला जायचं होतं.

"बाबा, तुमी जित्ते असताना मी मिशी काढू?" तो म्हणाला. "लोक काय म्हणतीन?"

आपल्याकडे बाप गेला की मुलगा मिशी उतरवतो. बाप असताना मिशीला वस्तरा लावणं म्हणजे अभद्रच.

"मी सवता सांगून राहिलो ना," चंपतराव म्हणाले. "आन नागपुरात कोण पाहते तुले? काढ."

बर्डीवरच्या सलूनमध्ये मिशी गेली. गिरिधरनं आरशात पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले. मग चंपतरावांनी त्याला सामान आणायला पिटाळलं. मागच्या पडद्यासाठी पांढरं कापड, पडदा बांधायला लकडगंजच्या टालावरून बांबू, आणि गवळणीच्या डोक्यावर हवं म्हणून एक मडकं.

दिवस मावळायच्या सुमारास गिरिधर लकडगंजातून परत निघाला. डोक्याला रुमाल गुंडाळलेला, खांद्यावर हिरवे बांबू, काखेत पांढऱ्या कापडाची घडी, एका हातात कोरं मडकं, आणि दुसऱ्या हाताच्या बाहीनं मिशीच्या दुःखात पुसलेले डोळे. नेमक्या त्याच वेळी बेलखेडीचे गणपतराव बाजारात संत्री उतरवून रिकाम्या ट्रकमधून गावी परत चालले होते. त्यांनी वरून हे सगळं पाहिलं. त्यांनी हाका मारल्या, पण मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या आणि ड्रायव्हर काही थांबेना.

आता मला सांगा, यात गणपतरावांची काय चूक? तुम्ही-आम्हीही तेच समजलो असतो.

गणपतराव गावात पोचेपर्यंत त्यांनी मनात चंपतरावांचा दहावासुद्धा उरकला होता. चंपतराव मंडळाच्या बंगल्यावर गेलेत हे गावभर माहीत होतं, कारण ते स्वतः चार दिवस तेच सांगत फिरले होते. लोकांनी हिशेब लावला. सामान दिवस मावळताना घेतलं, अंधार पडल्यावर नेत नाहीत, म्हणजे सकाळी नेतील. पोरगं परगावी अडकलं आहे, निरोप तरी कोणाजवळ धाडेल? पहिल्या एसटीत बेलखेडी मावेना. टपावरही माणसं चढली. आणि सगळ्यांत पुढच्या बाकावर, पदराचा बोळा तोंडात धरून, रुखमाबाई.

इकडे आमच्या हिरवळीवर कोवळं ऊन पडलं होतं. बल्गेरियाच्या बाई चांगल्या उंच, धिप्पाड, गालांवर लाली, आणि हसल्या की खुर्चीसकट हलत. दिल्लीचे साहेब बारीक, बंद गळ्याच्या कोटातले. त्यांना दुपारचं विमान गाठायचं होतं आणि ते घड्याळाशीच जास्त बोलत होते. मधुसूदनरावांनी चष्मा इतका पुसला होता, की काचा झिजायच्या बाकी होत्या.

चंपतरावांनी देवाचं गाणं म्हटलं, ते झकास झालं. मग गवळण आली, म्हणजे गिरिधर आला.

मी देवाला मानते, पण त्या दिवशी देव दुसरीकडे कुठे तरी गेला होता. गिरिधरला पावलं पाठ होती हे खरं. पण लुगडं नेसून टाकायची पाठ नव्हती. डोक्यावर मडकं, कमरेवर हात, आणि दर चार पावलांनी तो हात आपोआप वर जायचा आणि नसलेल्या मिशीला पीळ द्यायचा. ओठावर बोटं फिरली की त्याला आठवायचं, मग चेहरा पडायचा, मग ताल चुकायचा. गमत्यानं सावरायचा प्रयत्न केला, तर त्याचा पाय लुगड्यावर पडला. साहेबांनी घड्याळ पाहिलं. बाईंनी तोंडावर रुमाल धरला.

"इट इज... व्हेरी रूरल," साहेब मधुसूदनरावांना म्हणाले. मधुसूदनराव माझ्याकडे असे पाहत होते, की त्यांना शाळेतल्या मुली आणि त्यांचे दिवे डोळ्यांपुढे दिसत असावेत.

चंपतरावांना कळलं. शाहिराला समोरच्याचा कंटाळा आधी पाठीला जाणवतो, असं ते नंतर मला म्हणाले. त्यांनी गवळण आवरती घेतली आणि आळशी नवऱ्याची गंमत सुरू केली. यात नवरा डोक्यापासून पायापर्यंत पांघरूण घेऊन झोपतो आणि बायको त्याला उठवते. उरलेलं पांढरं कापड अंगावर ओढून चंपतराव आडवे झाले. गिरिधर मडकं घेऊन उशाशी आला. त्याचा एक हात पुन्हा ओठाकडे गेला. साहेब खुर्चीतून अर्धे उठले होते. आणि गिरिधरच्या हातून मडकं सुटलं.

फाट्‌कन आवाज झाला. नेमकी त्याच वेळी बेलखेडी फाटकातून आत शिरत होती.

त्यांना काय दिसलं असेल? बांबू. पांढऱ्या कापडाखाली सरळ झोपवलेला माणूस. उशाशी फुटलेलं मडकं. आणि भोवती खुर्च्यांवर गंभीर चेहऱ्यांची मोठी माणसं. पोचायला जरासा उशीर झाला, एवढंच त्यांना वाटलं.

"भावा रे!"

असा आवाज मी तोवर ऐकला नव्हता. चंपतरावांचा आवाज शेजारच्या बागेत जायचा, पण बहिणीचा आवाज पार पलीकडच्या सदर बाजारापर्यंत गेला असेल. लोक बाजूला झाले आणि रुखमाबाई पडद्यापुढे येऊन त्या कापडावर कोसळली. आमच्याकडच्या बाया नुसत्या रडत नाहीत, गाऊन रडतात. मेलेल्याचं सगळं चांगलं-वाईट त्याच्या तोंडावर सांगतात.

"भावा रे माह्या भावा,
म्या तुले समुद्राच्या पार जाय म्हटलं होतं,
देवाच्या दारी जाय नव्हतं म्हटलं रे!"

मी उठून पुढे धावले. सांगायला हवं होतं ना, की बाई, तुमचा भाऊ जिवंत आहे! पण दोन पावलांवर मी थांबले. कारण ते पांढरं कापड पोटापाशी वरखाली होत होतं, आणि चंपतराव उठत नव्हते. कित्येक वर्षांनी बहीण त्यांच्याशी बोलत होती. उठले तर बोलणं थांबलं असतं.

"मांडवात पोरगी उभी होती रे भावा,
मामाची वाट पाहून पाहून
अंगाची हयद वाळून गेली रे!"

आता आमच्या ढोलकीवाल्याचं ऐका. त्या माणसाच्या हाताला एवढंच कळायचं, की गाणं सुरू झालं की ठेका धरायचा. तो स्वतः रडत होता आणि त्याचे हात ढोलकीवर हळूहळू चालायला लागले होते. ठेका आला म्हटल्यावर शाहीर कसा गप्प बसणार? कापडाखालून आवाज आला,

"मामा होता जत्रेत वं बहिणी,
हातात होता डफ,
भाचीच्या तो कामी नाही आला,
आता कर त्याले माफ!"

बेलखेडीची माणसं काय पळाली! एक जण चिंचेच्या झाडावर चढला. दोघे मधुसूदनरावांच्या खोलीत घुसून आतून कडी लावून बसले. गणपतराव कुंडीत पडले. मधुसूदनराव "शांत राहा, शांत राहा" म्हणत स्वतःच हिरवळीला फेऱ्या मारू लागले.

रुखमाबाई तेवढी हलली नाही. तिनं कापड तोंडावरून खस्सकन ओढलं. चंपतराव कोपरावर टेकून अर्धे उठले. मग तिनं मूठ वळली आणि भावाच्या पाठीत एक सणसणीत बुक्की घातली.

"मेला नाही काहून?" ती ओरडली.

"तुही परवानगी कुठं होती वं?" चंपतराव म्हणाले.

मला वाटलं, झालं, आता मिटलं. पण कित्येक वर्षांचं साचलेलं एका बुक्कीत कसं संपणार? तिला अजून पुष्कळ बोलायचं होतं आणि साध्या बोलण्यात ते मावत नव्हतं. ती तिथेच मांडी घालून बसली, आणि त्याच रडण्याच्या चालीत पुन्हा सुरू झाली.

"दिवाळीले ताट करून बसली रे भावा,
निरांजन इझून गेलं रे,
तू दारावरून गेला नाही रे!"

चंपतराव उठून बसले होते. डफ कोणी हातात दिला कोण जाणे.

"इहिरीच्या आडून पाहत होतो
दर दिवाळीले वं,
दिवा तुहा दिसत होता
माह्या डोयाले वं!"

आता ती रडत होती की हसत होती, सांगता येत नव्हतं. पळालेली माणसं एकेक करून परत आली आणि भोवती कोंडाळं करून बसली. चिंचेवरचा वरच बसला, त्याला तिथून चांगलं दिसत होतं. गिरिधर लुगडं सावरत आत्याच्या पाठीशी उभा राहिला आणि झांज वाजवू लागला, अगदी तालात. मी रडत होते. सरकारी नोकरीत असताना, कार्यालयाच्या हिरवळीवर, वरिष्ठांसमोर मी ढसाढसा रडत होते आणि मला त्याची काडीची लाज वाटत नव्हती.

शेवटी रुखमाबाई दमली. तिनं पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली,

"मेला असता तं भांडली कोणासंगं असती रे भावा,
भांडली कोणासंगं?"

"भांड माह्याच संगं वं बहिणी," चंपतराव गायले, "मी आहो ना तुह्यासंगं!"

तेव्हा बल्गेरियाच्या बाई खुर्चीवरून उठल्या. त्यांच्या गालांवरची लाली अश्रूंनी वाहून चालली होती. त्या थेट रुखमाबाईकडे गेल्या, तिला दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरलं आणि भराभर काही तरी बोलू लागल्या. दिल्लीच्या साहेबांनी अर्थ सांगितला. बाईंची आजी खेड्यात अशीच गाऊन रडायची. तिथेही बाया मेलेल्याशी भांडतात. पण मेलेला उत्तर देतो, हे त्यांनी जन्मात पहिल्यांदा पाहिलं होतं.

साहेब मधुसूदनरावांकडे वळले. त्यांना ही सगळी ठरवून बसवलेली गंमतच वाटली होती, झाडावरच्या माणसासकट.

"वंडरफुल! इस फॉर्म का नाम क्या है, घाटेजी?"

मधुसूदनरावांनी चष्म्याकडे हात नेला. मी मनात म्हटलं, संपलं. पण त्या माणसानं चष्मा न पुसता, मान ताठ करून सांगितलं, "सर, जिवंत विलाप. फार प्राचीन आहे. फक्त आमच्याच भागात होतो."

त्या क्षणापासून मधुसूदनरावांबद्दल मला आदर वाटायला लागला.

पथक निवडलं गेलं. अट एकच, बहीण आली पाहिजे. ते ऐकून रुखमाबाईनं दोन्ही कानांवर हात ठेवले.

"जित्या भावाले रोज रडू? अभद्र हाय ते!"

"अवं, कोणी मेल्याची खोटी बातमी उठली तं त्याचं आयुष्य वाढते," चंपतराव म्हणाले. "तू रोज रडशीन तं माहं रोज वाढन."

तिनं कानांवरचे हात काढले. गणपतरावांनी लगेच छाती फुगवून सांगून टाकलं, की मग शाहिराचं आयुष्य वाढवण्याचा पहिला मान त्यांचाच.

पुढच्या उन्हाळ्यात ती सगळी विमानानं गेली. नाच्याचं काम वामनकडे परत आलं आणि गिरिधरची मिशी तोवर पुन्हा उगवली होती. मुलगी पाहायला मात्र तो मिशीशिवायच गेला होता, आणि मुलीनं त्याला पसंत केलं ते तसंच. तिचं म्हणणं पुढे असं पडलं, की मिशीसकट पाहिला असता तर विचार करावा लागला असता. त्यांच्या लग्नात मामा वेळेवर हजर होता. म्हणजे मुलीचा मामा. आणि गिरिधरच्या बाजूनं उंबरठ्यावर भाकरतुकडा ओवाळायला आत्या होती.

बल्गेरियात रुखमाबाई रोज संध्याकाळी मन लावून रडली. ज्या दिवशी भावाचा खोकला वाढलेला दिसे, त्या दिवशी दोन कडवी जास्त. तिकडच्या बाया तिच्याबरोबर रडायच्या आणि चंपतराव कापडाखालून उत्तर द्यायला लागले, की टाळ्या वाजवायच्या. परत आल्यावर ती मला म्हणाली, "बाई, लोक चांगले हायेत. गुलाब लय. आन दही आपल्यापेक्षा घट्ट." आमच्या कार्यालयातलं बल्गेरियाचं सगळं ज्ञान आजही एवढंच आहे.

विमानतळावरून चंपतराव थेट बेलखेडीला गेले, मी सोबत होते आणि रुखमाबाई पुढे जाऊन घरी पोचली होती. तिथून विहिरीचा फेरा न घालता, सरळ रस्त्यानं बहिणीच्या घरी. उंबरठ्यापाशी ते थांबले, जोडे काढले आणि मागे वळून मला म्हणाले, "बाई, पाहून घ्या. समुद्र वलांडला." आणि आत गेले. दिवाळी नव्हती, पण तिनं ताट तयार ठेवलं होतं.

पुढे किती तरी वर्षं ते जिवंत विलाप करत गावोगाव हिंडले. आयुष्य वाढवणं चालूच होतं. त्याचा एक परिणाम असा झाला, की चंपतराव खरोखर गेले तेव्हा कोणाचाच विश्वास बसला नाही. मला निरोप आला, तर मीही हसले. गणपतराव म्हणाले, "एकदा फसलो, आता नाही," आणि बागेत निघून गेले. त्यांना दोनदा बोलवावं लागलं.

मी पोचले तेव्हा अंगण भरलं होतं. चंपतराव पांढऱ्या कापडाखाली झोपले होते आणि लोक त्या कापडाच्या पोटाकडे पाहत होते. ते वरखाली होत नव्हतं. रुखमाबाई, आता पार वाकलेली, भावाच्या उशाशी बसली. तिनं पदर घेतला आणि सुरुवात केली. सगळी कडवी म्हटली. मांडवाचं म्हटलं, दिवाळीचं म्हटलं. दर कडव्यानंतर ती सवयीनं थांबायची, जरा वाट पाहायची, मग पुढे जायची.  ढोलकीवाला मांडीवर हात घट्ट धरून बसला होता.

शेवटचं कडवं आलं.

"आता भांडू कोणासंगं रे भावा,
भांडू कोणासंगं?"

ती थांबली. खूप वेळ थांबली. कापडाकडे पाहत राहिली. मला वाटलं, मी आता ओरडेन.

मागून आवाज आला, तोच, शेजारच्या बागेत ऐकू जाईल असा. गिरिधर उभा होता. न्हाव्यानं नुकतीच त्याची मिशी उतरवली होती, या वेळी रीतीप्रमाणे.

"भांड माह्याच संगं वं आत्या,
मी आहो ना तुह्यासंगं!"

रुखमाबाईनं वळून त्याच्याकडे पाहिलं. तो तिच्याजवळ येऊन बसला. तिनं त्याच्या ओठावरून हात फिरवला, मग मूठ वळली आणि त्याच्या पाठीत एक सणसणीत बुक्की घातली.